दर एकादशीला परत येणारा भुंगा: छोट्या मिक्सरमधल्या हमिंगचा माग

लक्षण असं. सहा चॅनलचा छोटा मिक्सर, दोन पॉवर्ड स्पीकर (आतच ॲम्प्लिफायर असलेले), चार माइक, तानपुऱ्यासाठी एक मोबाईल. घरी जोडून बघितलं तर स्वच्छ. कार्यक्रमाला नेलं की खाली सतत एक 'घूं'. माइक बंद केले तरी तो आहेच. मग कुणीतरी पिन हलवतं, कुणी वायर बदलतं, आवाज जातो, सगळे खूश. पुढच्या वेळी परत हजर.

सांगलीत गावभागात आमच्या आईचं भजनी मंडळ आहे. दर एकादशीला कुणाच्या तरी घरी किंवा वाड्याच्या सोप्यात भजन असतं. मिक्सर घेतल्यापासून तो सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात सोल्डरिंगची गन माझ्याकडेच. मंडळातल्या बायका या आवाजाला भुंगा म्हणतात. "आवो, तेवढा तुमचा भुंगा बसवा की खाली, मग सुरू करतो," असं पाच-सहा एकादश्या ऐकून घेतलं. त्यातून जे हाती लागलं ते सगळं खाली लिहितोय.

कार्यक्रम तासाभरावर आला असेल तर पुढचं वाचत बसू नका. मिक्सर आणि दोन्ही स्पीकर एकाच एक्सटेन्शन बोर्डावर घ्या. मोबाईल आणि लॅपटॉप चार्जरवरून काढा. ज्या चॅनलला काही जोडलेलं नाही त्याचा गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते बटन) आणि फेडर (बाहेर जाणाऱ्या आवाजाची वर-खाली सरकणारी पट्टी) दोन्ही खाली करा. मोबाईलचा आवाज वर आणि मिक्सरवरचा त्याचा गेन खाली. एवढ्यावर बऱ्याचदा भागतं. आणि काहीही झालं तरी थ्री पिनची मोठी पिन मोडू नका. ते का, ते पुढे येईलच.

आता सावकाश.

माझी चूक कुठे होत होती ते आधी सांगतो. पहिल्या वेळी कारण मोबाईल निघाला. तानपुरा ॲपवर लावलेला, बॅटरी संपत आलेली, म्हणून चार्जर लावून ठेवलेला. (मिरज हाकेच्या अंतरावर, तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं, आणि आमचा तानपुरा मोबाईलमधून वाजतो. खरा तानपुरा आहे एका काकूंकडे, पण तो माडीवरून अरुंद जिन्याने खाली आणायचा म्हणजे त्यांचा जीव वर-खाली होतो.) चार्जर काढला, भुंगा गेला. मी मनात पक्कं करून टाकलं: भुंगा म्हणजे चार्जर.

पुढच्या एकादशीला मोबाईल घरूनच पूर्ण चार्ज करून नेला. तरी भुंगा. मी वीस मिनिटं मोबाईल बदल, पिन बदल, ॲप बदल करत बसलो. कारण वेगळंच होतं: एक स्पीकर माझ्या बोर्डावर आणि दुसरा वायर पुरेना म्हणून ओसरीतल्या, फ्रिजशेजारच्या सॉकेटवर. तिसऱ्या वेळी सगळं एका बोर्डावर होतं, चार्जर नव्हता, तरीही आवाज. या वेळी दोष स्पीकरला जाणाऱ्या दहा मीटरच्या वायरचा. मोनो पिनांची वायर, आणि ती थेट एक्सटेन्शनच्या गुंडाळीवर पडलेली.

तीन वेळा तोच आवाज, तीन वेळा कारण निराळं. ताप आला की मागच्या वेळची गोळी देण्यासारखा प्रकार होता माझा. म्हणून आता मागच्या वेळी काय केलं होतं ते मुद्दाम बाजूला ठेवतो आणि आवाज कुठून आत शिरतोय ते आधी बघतो.

कान लावून ऐका

पहिलं काम हाताचं नाही, कानाचं. सगळ्यांना दोन मिनिटं गप्प बसवा. (हे सगळ्यात अवघड काम आहे.)

गोल, जाड, सारखा 'घूं' असेल तर तो विजेचा आवाज. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून हा आवाज ५० आणि त्याच्या पटीत, म्हणजे १००, १५०, २०० असा येतो. पेटीवाल्यांसाठी सांगायचं तर हा पांढरी पाचच्या किंचित वर बसतो. पांढरी पाच मंद्रात १९६ हर्ट्‌झच्या आसपास, आणि भुंग्याची एक पट बरोबर २००. आमच्या मंडळाचा सा नेमका पांढरी पाच. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चारेक हेलकावे येतात. आमच्या पेटीवाल्या वहिनी कितीतरी दिवस पेटीच उतरलीय असं समजत होत्या. एकदा मी स्पीकर बंद केले आणि त्यांना पेटी वाजवायला सांगितली, तेव्हा कुठे पेटीवरचा आळ गेला.

धारदार, किरकिरा, पत्र्यावर माशी बसावी तसा आवाज असेल तर संशय चार्जरवर, तुटलेल्या शील्डवर (ऑडिओ वायरमधल्या तारांभोवतीची जाळी) किंवा दिव्यांच्या डिमरवर. दिवे मंद-तेज केले आणि आवाज बदलला तर डिमरच. त्याला उपाय एकच, दिव्यांची आणि साउंडची लाइन वेगळी घ्यायची. 'फुस्स' असा पावसासारखा आवाज म्हणजे गेन फार उघडलाय. वाढत जाणारी शिट्टी म्हणजे माइक स्पीकरचं ऐकतोय. तिथे अर्थिंगचा काही संबंध नाही, स्पीकर माइकच्या पुढे न्या.

फेडरवरून माग

भुंगा नक्की झाला की मेन फेडर पूर्ण खाली ओढा. आवाज गेला तर दोष मिक्सरच्या आधी कुठेतरी, म्हणजे एखाद्या चॅनलवर आहे. मेन परत वर घ्या आणि एकेक चॅनल खाली ओढत जा. ज्याला हात लावल्यावर आवाज जातो तो चोर. त्याला काय जोडलंय ते बघा. मोबाईल असेल तर चार्जर. लॅपटॉप असेल तर त्याचाही चार्जर. माइक असेल तर त्याची वायर.

मेन खाली करूनही आवाज तसाच राहिला तर चॅनलकडे बघूच नका. दोष मिक्सरच्या पुढे, म्हणजे स्पीकरची वायर, स्पीकरचं सॉकेट किंवा दोन्ही. आता एका स्पीकरचा आवाज शून्यावर आणा, मागची ऑडिओ वायर काढा, आवाज परत वर करा. वायर काढूनही स्पीकर घूं करत असेल तर तो स्पीकरचा किंवा त्याच्या लाइनचा आजार. वायर काढल्यावर गप्प झाला तर भांडण वायरचं किंवा अर्थिंगचं. त्यानंतर पहिल्याची वायर परत लावा आणि दुसरा स्पीकर पूर्ण सोडवून बघा, लाइटचीसुद्धा पिन काढून. दुसरा काढला की पहिला गप्प होत असेल, तर दोन स्पीकर दोन वेगळ्या अर्थिंगवर आहेत असं खुशाल समजा.

या सगळ्याला चार-पाच मिनिटं लागतात. मी अंदाजाने पिना हलवत होतो तेव्हा वीस लागायची.

दोन अर्थिंगचं भांडण म्हणजे काय, हे आमच्या मामांना उसाच्या रानावरून लगेच कळलं. दोन सऱ्या शेजारी आहेत, दोन्हींत पाणी आहे, पण पातळीत बोटभर फरक आहे. मधला वरंबा फोडला की पाणी वाहणारच. घरातल्या दोन सॉकेटांचं अर्थिंग कागदावर एकच असतं, प्रत्यक्षात त्यांच्यात थोडासा फरक असतो. तुम्ही एक स्पीकर इथे लावला, दुसरा तिथे, आणि दोघांना ऑडिओच्या वायरने मिक्सरला जोडलं, म्हणजे मधला वरंबा फोडला. वायरच्या शील्डमधून तो फरक वाहायला लागतो आणि मिक्सर-स्पीकर त्याला गाणं समजून मोठं करतात. काही मिलिव्होल्टही पुरतात. बहुतेक छोट्या मिक्सरना अडॅप्टर असतो, त्यांना स्वतःचं अर्थिंग नसतं, ते स्पीकरच्या वायरमधून मिळतं. म्हणून मिक्सर कुठल्या सॉकेटवर आहे यापेक्षा स्पीकर कुठे आहेत हे जास्त महत्त्वाचं.

सगळं एका बोर्डावर घ्या म्हणतात ते यासाठी. छोट्या सेटला लोड काही फार नसतो, एक चांगला बोर्ड आरामात झेपवतो. फक्त त्याच बोर्डावर पंखा आणि चहाची इलेक्ट्रिक किटली कुणी लावणार नाही, हे बघा. आमच्याकडे किटली लावली होती.

मोबाईलच्या चार्जरचं गणित थोडं वेगळं. त्याला दोनच पिना, अर्थिंगच नाही. पण त्याच्यातून किंचित करंट गळतो, तो मोबाईलमधून ऑडिओच्या वायरवाटे मिक्सरमध्ये उतरतो. ब्रँडेड चार्जरचा त्रास कमी, रस्त्यावरच्या स्वस्तातल्याचा भयंकर. बॅटरीवर चालवा, विषय संपला. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करायचं असेल आणि दोन तास बॅटरी टिकत नसेल, तर मात्र लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स नावाची छोटी डबी घाला. आतमध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला, पॅसिव्ह (म्हणजे वीज न लागणारा), 'ग्राउंड लिफ्ट'चं बटन असलेला घ्या. ट्रान्सफॉर्मरमधून आवाज पलीकडे जातो, पण तांब्याची तार सलग जात नाही, त्यामुळे सरी तिथेच अडते. डीआयचं आउटपुट माइकच्या पातळीचं असतं, ते माइकच्या इनपुटला लावून गेन थोडा वाढवावा लागतो. माझ्या सगळ्या खर्चात सगळ्यात वसूल झालेली वस्तू ही.

ग्राउंड लिफ्टचं बटन फक्त ऑडिओ वायरचं शील्ड तोडतं. लाइटच्या पिनचं अर्थिंग तोडणं हा पूर्ण वेगळा प्रकार. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

मोठी पिन

एका कार्यक्रमाला भाड्याने आणलेल्या साउंडवाल्याने आमच्यासमोर पक्कड काढली आणि दोन्ही स्पीकरच्या थ्री पिनची मोठी पिन कट्कन मोडली. "बघा, गेला का न्हाई आवाज?" गेला होता. मलाही क्षणभर वाटलं, अरे, एवढं सोपं होतं! पहिला अभंग सुरू झाला. दुसऱ्या कडव्याला गाणाऱ्या मावशी एकदम मागे सरकल्या, ओठावर हात. माइकच्या जाळीला ओठ टेकला होता, पाय ओल्या फरशीवर. जोराचा झटका नव्हता, मुंगी चावल्यासारखं, पण त्यांनी त्या दिवशी पुन्हा माइक हातात घेतला नाही. पुढचे दोन महिने त्या माइकला रुमाल गुंडाळूनच गायच्या.

झालं होतं असं. स्पीकरच्या आत लाइनचा फिल्टर असतो, त्याचे कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असलं की त्यातला गळका करंट जमिनीत जातो. अर्थिंग मोडलं की बॉडी लाइनच्या साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहते, आणि शील्डमधून तेच माइकच्या जाळीवर येतं. करंट अगदी थोडा, म्हणून मुंगी. पण आत कुठे फेज बॉडीला टेकली असती, तर मोडलेल्या पिनमुळे फ्यूज उडाला नसता आणि गोष्ट मुंगीवर थांबली नसती.

पिन न मोडताही हे होऊ शकतं, कारण सॉकेटला तिसरं भोक असलं म्हणजे मागे वायर असतेच असं नाही. गावभागातल्या जुन्या वाड्यांत तर बऱ्याचदा नसतेच. शिवाय २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या भागात घराघरांत होतं, तळमजल्याचे बोर्ड बुडाले होते. नंतर बऱ्याच ठिकाणी वरची प्लेट नवी बसली आणि आतली अर्थिंगची तार गंजलेली तशीच राहिली. मल्टिमीटर असेल आणि हात बसलेला असेल तर बघा: फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, फेज आणि अर्थिंगमध्येही जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थिंगचं रीडिंग भलतंच कमी आलं तर ते अर्थिंग नावापुरतं आहे. हात बसलेला नसेल तर वायरमनला बोलवा, यात लाजण्यासारखं काही नाही. अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायला विसरू नका, माती कोरडी पडली की अर्थिंग निम्मं मेलेलं असतं. मी आता माझ्या बोर्डाच्या आधी ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) डब्यात बसवून घेतलाय, तो डबा मिक्सरबरोबरच फिरतो.

वायर आणि पिना

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, माझा तर झालाच. मोठी हेडफोनसारखी पिन, आपल्याकडे दुकानात पी-३८ म्हणतात ती, दोन प्रकारची. टोकाला एकच काळी रिंग ती मोनो, दोन रिंगा ती स्टिरिओ. छोट्या मिक्सरचं मेन आउट बहुतेक वेळा बॅलन्स्ड असतं, म्हणजे तिथून स्पीकरला जाताना दोन रिंगांची पिन हवी, किंवा तीन टोकांची एक्सएलआर. तिच्यात आवाज दोन तारांवरून एकमेकांच्या उलट जातो. वाटेत शिरलेला भुंगा दोन्ही तारांवर सारखाच बसतो. स्पीकर एकातून दुसरी वजा करतो, भुंगा भुंग्याला खातो, गाणं राहतं. मोनो पिन घातली की ही सोय गेली. वीतभर वायरला फरक पडत नाही, पाच-सहा मीटरच्या पुढे पडतोच. लाइटची आणि ऑडिओची वायर शेजारी-शेजारी नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

पण मोबाईल जोडताना नेमकं उलटं. मोबाईलच्या बारक्या पिनेपासून दोन रिंगांच्या एका पी-३८ला जाणारी वायर दुकानदार हातात देतो आणि ती मिक्सरच्या एका चॅनलला घट्ट बसतेही. मग काय होतं बघा. एकदा भजनाआधी सगळ्यांना ऐकवायला मी एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं. पखवाज ऐकू येतोय, टाळ येताहेत, लांबून कुठून तरी घुमारा येतोय, आणि गायक गायब! आई म्हणाली, बुवा बाहेर गेलेत वाटतं. मोबाईल वाजवतो डावा-उजवा, आणि मिक्सरचं इनपुट एकातून दुसरा वजा करतं. जे दोन्हीकडे सारखं असतं, म्हणजे मधोमध उभा असलेला गायक, ते कटून जातं. म्हणून मोबाईलपासून दोन मोनो पिनांत फुटणारी वायर घ्या, दोन्ही पिना स्टिरिओ चॅनलच्या डाव्या-उजव्याला लावा. नुसता तानपुराच असेल तर एक पिन पुरते.

लो-कटच्या बटनाने भुंगा झाकता येतो, असं कुणीतरी सांगेल. ७५ किंवा १०० हर्ट्‌झच्या खालचं ते कापतं. ५० जातं, वरच्या पटी राहतात, आणि पखवाजाच्या धुमाच्या (डाव्या, खर्जाच्या बाजूच्या) माइकवर तेच बटन दाबलं असेल तर धुमाही गेला. गाण्याच्या माइकवर ते कायम दाबून ठेवा, पण भुंग्याचं औषध म्हणून नको.

गेनचंही तेच. मोबाईलचा आवाज निम्म्यावर आणि मिक्सरचा गेन पूर्ण उघडा, अशी जोडणी मी कितीतरी ठिकाणी बघितलीय. तानपुऱ्याबरोबर वाटेतली सगळी घाणही तितकीच मोठी होते. मोबाईल तीन चतुर्थांशाच्या वर, गेन गरजेपुरता. माइकचा गेन लावताना गाणाऱ्याला कार्यक्रमात गातात तेवढ्या जोराने गायला लावा. "हॅलो, हॅलो" वर लावलेला गेन गजराला टिकत नाही, लाल दिवा पेटतोच.

यूएसबीने रेकॉर्ड करताना अचानक घुमारा किंवा शिट्टी सुरू झाली तर लॅपटॉपवर मॉनिटरिंग चालू राहिलंय. आवाज लॅपटॉपमध्ये जाऊन परत मिक्सरमध्ये येतोय. ते बंद करा. ४८ व्होल्टचं फँटमचं बटन (ते मिक्सरमधून माइकला वीज देतं) कंडेन्सर माइक, म्हणजे अशी वीज लागणारा माइक, असेल तरच, आणि मेन खाली करून दाबा. चालू करताना मिक्सर आधी, स्पीकर शेवटी. बंद करताना स्पीकर आधी.

आता मंडळातल्या बायकाच माग काढतात. गेल्या एकादशीला मी पोचायच्या आत भुंगा येऊन गेला होता. मेन खाली ओढून बघितला, मग चॅनल ओढले, तिसऱ्याला गेला. नव्याने आलेल्या एक काकू तानपुऱ्याचा मोबाईल हळूच चार्जिंगला लावून आत पोहे करायला गेल्या होत्या. पेटीवाल्या वहिनींनी चार्जर काढून थेट माझ्या पिशवीत टाकला, तो अजून माझ्याकडेच आहे.

डाव्या स्पीकरमध्ये मात्र अजून एक खरखर आहे, वायर हलली की येते. मेन खाली केला तरी राहते, उजव्याची वायर लावली की जाते. म्हणजे दोष डाव्याच्या वायरमध्येच, बहुधा तिच्या स्पीकरकडच्या पिनेतलं शील्ड सुटलंय. रविवारी ती उघडून पुन्हा सोल्डर करायची आहे.